सोमवारचा गोषवारा राजभवनालाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माजी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेल्या तीन-चार गोष्टी निघतात. औरंगाबादच्या दीक्षान्त समारंभात शिवाजी महाराजांना ‘जुन्या काळातले आदर्श’ म्हणणं. अंधेरीत ‘गुजराती आणि राजस्थानी लोक काढले तर मुंबई-ठाण्यात पैसाच उरणार नाही’ असं सांगणं. समर्थ नसते तर महाराजांना कोणी विचारलं असतं, हा प्रश्न. सावित्रीबाई आणि जोतिबांच्या लग्नाच्या वयावरून केलेली शेरेबाजी. आपल्या वाचकपत्रांच्या सदरातही परवा हाच पाढा वाचला गेला. मी यातल्या एकाही वाक्याची वकिली करणार नाही. मी जुन्नरला राहतो, घराच्या गच्चीवरून शिवनेरी दिसतो, तेव्हा महाराजांबद्दलचं ते वाक्य मला कसं लागलं असेल हे वेगळं सांगायला नको. पण माझी तक्रार निराळ्या जागी आहे. साडेतीन वर्षांत या गृहस्थांनी कोणते कागद हलवले नाहीत आणि कोणते रातोरात हलवले, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

मी महसूल खात्यातला. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कागद कुठे अडतो आणि का अडतो, एवढीच काय ती माझी विद्या.

आधी माणसाचं श्रेय माणसाला देतो. कोश्यारी १९४२ साली आताच्या उत्तराखंडातल्या बागेश्वर भागात जन्मले, डोंगरातल्या गावात. इंग्रजीत एम. ए. केलं, शिकवलं, पिथोरागडहून ‘पर्वत पीयूष’ नावाचं साप्ताहिक काढलं. संघाचे पूर्णवेळ माणूस. आणीबाणीत तुरुंगात गेले आणि १९७७च्या मार्चमध्येच सुटले. आमच्या घरात या गोष्टीला मोल आहे. वडील जनसंघाचे, निवडणुकीत भिंतींवर दिवा रंगवणारे. थोरले चुलते आणीबाणीत येरवड्याला होते, त्यांची तिथली कांबळं आईनं कित्येक वर्षं टाकू दिली नाहीत. तेव्हा ‘हे पुरोगाम्यांचं रडगाणं’ म्हणून माझं पत्र बाजूला ठेवू नये, ही विनंती.

पुढे ते उत्तर प्रदेशच्या विधान परिषदेवर गेले, नवं राज्य झाल्यावर तिथे मंत्री झाले, २००१च्या ऑक्टोबरपासून जेमतेम चार महिने मुख्यमंत्री होते. मग विरोधी पक्षनेते, राज्यसभा, आणि २०१४ ते २०१९ नैनिताल-उधमसिंहनगरचे खासदार. लोकसभेची मुदत संपली २०१९च्या मे महिन्यात, आणि ५ सप्टेंबरला ते मलबार हिलवर राज्यपाल म्हणून आले. मध्ये एक पावसाळाही पुरता गेला नाही. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगानं १९८८ सालीच लिहून ठेवलं होतं की राज्यपाल म्हणून नेमायचा माणूस नजीकच्या काळात राजकारणात फार गुंतलेला नसावा. सगळ्या पक्षांनी तो अहवाल वाचला आणि सगळ्यांनी तो नीट कपाटात ठेवला.

इथे आल्यावर त्यांनी मराठी शिकायची खटपट केली, भाषणांत ती वापरली. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. २०२०च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे करोनाचे दिवस आणि वर भर पावसाळा, वयाच्या ७८व्या वर्षी शिवनेरी पायी चढले. आमच्या तहसीलमधला एक जुना कोतवाल त्या दिवशी बंदोबस्ताच्या कामाला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे बरोबरचे तरुण अधिकारी हत्ती दरवाज्यापर्यंतच धापा टाकायला लागले होते. शिवाईदेवी, शिवजन्मस्थान, सगळं बघून खाली आले. तालुक्यात त्या दिवशी त्यांचं कौतुकच झालं, आणि ते रास्त होतं. मध्ये वर्षभर गोव्याचा जादा कार्यभारही त्यांच्याकडे होता.

आता कागदांकडे येतो.

२०१९चा निकाल २४ ऑक्टोबरला लागला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती फिसकटली. राज्यपालांनी ९ नोव्हेंबरला भाजपला विचारलं आणि सुमारे दोन दिवसांची मुदत दिली. भाजपनं नकार दिल्यावर शिवसेनेला एक दिवस मिळाला, वाढीव वेळ मागितला तो नाकारला. मग राष्ट्रवादीला १२ तारखेच्या रात्री साडेआठपर्यंत मुदत दिली आणि त्याच दिवशी संध्याकाळी राष्ट्रपती राजवट लागूही झाली. कारण असं सांगितलं गेलं की राष्ट्रवादीनं सकाळीच जास्तीचा वेळ मागितला होता. बरं, मागितला. पण दिलेली वेळ अजून संपायची होती ना? आमच्याकडे मुदतीच्या दिवशी पाच वाजून पंचेचाळीस मिनिटांनी आलेला अर्जही ‘मुदतीत प्राप्त’ म्हणून घ्यावा लागतो, मग साहेबांची इच्छा असो वा नसो.

त्यानंतरची २३ नोव्हेंबरची पहाट सगळ्यांना पाठ आहे. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला. आमच्या घरी त्या वेळी दूधही तापायचं होतं. पाठिंब्याचं पत्र आलं कधी, त्यावरच्या सह्या कोणत्या कामासाठी घेतल्या होत्या, खातरजमा कोणी केली? सर्वोच्च न्यायालयानं २६ तारखेला सांगितलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुमत सिद्ध करा, आणि त्याच दुपारी सरकार गेलं. मला यातून एवढंच टिपायचं आहे की राजभवनातला कागद मनात आणलं तर एका रात्रीत दिल्लीला जाऊन सही होऊन परत येऊ शकतो. यंत्रणा अकार्यक्षम नाही.

मग पुढच्या एप्रिलमध्ये काय झालं? शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या आघाडीचं सरकार येऊन उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले होते पण कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते, सहा महिन्यांची मुदत मे अखेरीस संपत होती, करोनामुळे निवडणुका थांबलेल्या. मंत्रिमंडळानं ९ एप्रिल २०२० रोजी त्यांना राज्यपालनियुक्त सदस्य करण्याची शिफारस केली. त्यावर होकार नाही, नकार नाही. शेवटी राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं, परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक लागली आणि ठाकरे बिनविरोध निवडून आले. वाट निघाली हे खरं, पण साथीचा कहर चालू असताना राज्याचा मुख्यमंत्री राहतो की जातो यातच काही आठवडे गेले.

हा झाला नमुना. खरा माल पुढे आहे.

विधान परिषदेत ७८ जागा. त्यातल्या १२ राज्यपालांनी भरायच्या, साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या माणसांतून, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. या बाराही जागा २०२०च्या जूनपर्यंत रिकाम्या झाल्या. ६ नोव्हेंबर २०२० रोजी तीन मंत्र्यांनी राजभवनावर जाऊन यादी हातात दिली. यादी काही फार थोर होती असं नाही. आनंद शिंदेंसारखा गायक होता, राजू शेट्टी होते, उर्मिला मातोंडकर होत्या, पण एकनाथ खडसे किंवा सचिन सावंत यांची कला नेमकी कोणती, हे विचारायला राज्यपालांना पूर्ण जागा होती. त्यांनी तसं विचारायला हवं होतं. ‘अमुक नावं निकषात बसत नाहीत, खुलासा करावा’ असा शेरा मारून फाइल परत पाठवली असती तर मी आज त्यांच्या बाजूनं पत्र लिहिलं असतं.

शेरा काही पडला नाही. यादी पडून राहिली.

२०२१ साली कोणीतरी माहितीच्या अधिकारात विचारलं की त्या यादीचं काय झालं. राजभवनातून उत्तर आलं की यादी उपलब्ध नाही. मी हे वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तीन मंत्र्यांनी समक्ष दिलेला, मंत्रिमंडळाच्या ठरावासकटचा कागद, आणि तो कार्यालयात उपलब्ध नाही! पुढे अपिलात कळलं की तो खुद्द राज्यपालांकडेच आहे. तलाठ्याच्या दप्तरातला एक फेरफार सापडला नाही तर तहसीलदार काय बोलतात, हे ज्यानं ऐकलंय त्यालाच यातली गंमत कळेल.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १३ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठानं सांगितलं की स्वीकारा किंवा परत पाठवा, पण वाजवी मुदतीत काहीतरी एक करणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे, आणि आठ महिने म्हणजे पुष्कळ झालं. मात्र राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्यामुळे आदेश देता येणार नाही. हा निकाल येऊनही वर्ष उलटलं. मधल्या काळात यादीतल्या रजनी पाटील राज्यसभेवर गेल्या, खडसे आमदारांच्या मतांवर परिषदेत निवडून आले. मग २०२२च्या जूनअखेर सरकार बदललं. नव्या मुख्यमंत्र्यांनी जुनी यादी मागे घेत असल्याचं कळवलं, आणि ५ सप्टेंबर २०२२ला ते मान्य झाल्याचं जाहीरही झालं. भरती मागणारा कागद जवळपास बावीस महिने बसून होता, तीच यादी मागे घेणारा कागद काही दिवसांत निकाली निघाला.

नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून आमच्या खात्यातली रीत सांगतो. प्रत्येक कारकुनाकडे कार्यविवरण पंजी असते. आलेला प्रत्येक कागद त्यात चढवायचा, कधी आला, विषय काय, कधी निकाली काढला. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. कार्यवाहीचे वेगळे, उत्तराची वाट बघणारे म्हणजे प्रतीक्षाधीन वेगळे, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेखात पाठवायचे आणि शेवटी नष्ट करायचे. दर सोमवारी गोषवारा काढून साहेबांपुढे ठेवायचा की मागच्या आठवड्याचे शिल्लक इतके, नवे आले इतके, निकाली इतके, आज शिल्लक इतके. साहेब शिल्लकवर लाल पेन्सिलीनं वर्तुळ करायचे आणि एकच विचारायचे, ‘का?’ माझ्या पहिल्या वरिष्ठांना ‘साहेब, चर्चा करून ठेवलंय’ असं उत्तर दिलं तर ते म्हणायचे, चर्चेचा दिनांक सांग.

आणि २००५ साली तर महाराष्ट्रानं कायदाच केला. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध, असं त्याचं लांबलचक नाव. आम्ही सगळे त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतो. एका कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. ‘तात्काळ’ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, ‘तातडी’ची असेल तर चार दिवसांत. दुसऱ्या खात्याला विचारायची गरज नसेल तर अंतिम निर्णय ४५ दिवसांत, गरज असेल तर तीन महिन्यांत. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. हा कायदा राज्यपालांना लागू नाही, ते शासकीय कर्मचारी नाहीत, हे मला कळतं. पण ज्या राज्यात साध्या लिपिकाला सात दिवस, त्याच राज्याच्या प्रमुखाला बावीस महिने, आणि कोणी लाल पेन्सिल धरायची नाही, हे मला पचत नाही.

विधानसभा अध्यक्षांचं प्रकरण याच माळेतलं. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ला अध्यक्षपद सोडलं. आघाडी सरकारनं डिसेंबरात नियम बदलून गुप्त मतदानाऐवजी खुलं मतदान आणलं आणि निवडणुकीची तारीख मागितली. राज्यपालांनी हरकत घेतली, पुढे प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याचं कारण दिलं. तारीख काही मिळाली नाही. राज्याची विधानसभा सुमारे सतरा महिने अध्यक्षाविना चालली. सरकार बदलल्यावर चौथ्या दिवशी, ३ जुलै २०२२ला निवडणूक झाली आणि राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. मतदान खुलंच झालं, एकेक सदस्य उभा करून मोजला. हरकत कुठे गेली?

ही निवड किती महत्त्वाची होती, ते पुढच्या दीड वर्षात शिवसेनेच्या फुटीतल्या आमदारांच्या अपात्रतेच्या, अध्यक्षांपुढच्या सुनावण्या ज्यांनी वाचल्या त्यांना सांगायला नको.

त्याच्या आधीच्या आठवड्यातला कागद तर सगळ्यांत जड. २८ जून २०२२ रोजी राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना कळवलं की ३० तारखेला बहुमत सिद्ध करा. ठाकरेंनी २९च्या रात्री राजीनामा दिला, ३०ला एकनाथ शिंदेंनी शपथ घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ११ मे २०२३ला निकाल दिला की सरकारनं विश्वास गमावला असं मानायला राज्यपालांपुढे वस्तुनिष्ठ आधार नव्हता, पक्षातला अंतर्गत वाद सोडवायला बहुमत चाचणी वापरायची नसते. मात्र ठाकरे चाचणीला सामोरे न जाताच पायउतार झाले, त्यामुळे त्यांना परत बसवता येणार नाही. निकाल आला तेव्हा कोश्यारी केव्हाच परत गेले होते. चूक ठरली, जबाबदारी कुणावर पडली नाही. आमच्याकडे चुकीच्या आदेशानं एका शेतकऱ्याचा सातबारा बिघडला तर निवृत्तीनंतरही चौकशीची नोटीस घरी येते.

आघाडी सरकार धुतल्या तांदळासारखं होतं असं मी म्हणत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ला राज्यपाल सरकारी विमानात जाऊन बसले आणि परवानगी नाही म्हणून त्यांना उतरावं लागलं, डेहराडूनला साध्या विमानानं जावं लागलं. हा पोरकटपणा होता. परवानगी नव्हती तर विमानतळावर पोचण्याआधी कळवता येत होतं. मंदिरं उघडण्यावरून राज्यपालांनी १२ ऑक्टोबर २०२०ला मुख्यमंत्र्यांना जे पत्र लिहिलं, तुम्ही अचानक सेक्युलर झालात का असं विचारणारं, त्याबद्दल तर खुद्द अमित शहांनीही शब्द अधिक जपून वापरता आले असते असं म्हटलं. पण पत्र लिहिलं हे तरी चांगलं, असं मला वाटतं. ते आपण वाचू शकलो. १२ जणांच्या यादीवरचं मौन वाचायला काहीच नाही.

आणि काँग्रेसवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. १७ फेब्रुवारी १९८० रोजी शरद पवारांचं पुलोद सरकार कोणी बरखास्त केलं, १९८४ साली आंध्रात एन. टी. रामाराव यांना कोणत्या राज्यपालांनी घरी बसवलं, हे आठवायला फार म्हातारं असावं लागत नाही. खुर्ची तीच आहे, बसणारे बदलतात आणि ओरडणाऱ्यांच्या जागा बदलतात.

कोश्यारींनी २०२३च्या जानेवारीत सांगितलं की आता वाचन-लेखनात वेळ घालवायचा आहे. १२ फेब्रुवारीला राजीनामा मंजूर झाला. मुंबईबद्दलच्या विधानाची त्यांनी क्षमा मागितली होती, ती लोकांनी घेतली. शिवाजी महाराजांबद्दलच्या विधानावर मोर्चे निघाले, पुणे बंद झालं, उदयनराजे रस्त्यावर आले. अडकलेल्या यादीसाठी मात्र एक बस तरी अडली का? त्या १२ जागांपैकी सात भरल्या गेल्या त्या १५ ऑक्टोबर २०२४ला, विधानसभेची आचारसंहिता लागण्याच्या दिवशी दुपारी, दुसऱ्या सरकारच्या शिफारशीवर, कोश्यारींच्या नंतरच्या दुसऱ्या राज्यपालांच्या हातून. चार वर्षांहून जास्त काळ एका घटनात्मक सभागृहातल्या या जागा रिकाम्या होत्या.

तमिळनाडूतल्या अडवलेल्या विधेयकांवरून सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ८ एप्रिल २०२५ला राज्यपालांना मुदती घालून दिल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. २० नोव्हेंबर २०२५ला पाच न्यायमूर्तींनी मत दिलं की घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही. फार लांबलेल्या, कारण न दिलेल्या विलंबात ‘निर्णय घ्या’ एवढंच सांगू शकतं. कायद्यानं ते बरोबर असेलही. मग ती मुदत घटनेत घालायची कोणी? पुंछी आयोगानं २०१० सालीच विधेयकांसाठी सहा महिने सुचवले होते. आपल्या ४८ खासदारांपैकी, मग ते कोणत्याही बाकावर बसोत, एकानं तरी यासाठी खासगी विधेयक मांडावं.

तोपर्यंत एक साधी गोष्ट करता येईल, तिला घटनादुरुस्ती लागत नाही, पैसाही लागत नाही. राज्यपालांच्या कार्यालयानं दर महिन्याला आपल्या संकेतस्थळावर एक तक्ता टाकावा. मंत्रिमंडळाकडून आणि विधिमंडळाकडून आलेले कागद कोणते, कधी आले, कोणत्या दिनांकाला निकाली निघाले, शिल्लक किती आणि का. गोपनीय असेल ते झाकावं. नमुना हवा असेल तर कोणत्याही तहसील कार्यालयात आस्थापना शाखेच्या कपाटात कोरे तक्ते मिळतील.

कळावे,

आपला नियमित वाचक,
निवृत्त अव्वल कारकून, जुन्नर (जि. पुणे)